हाकेला ओ

फार जुनी गोष्ट. एका तळ्याकाठी सारस पक्ष्यांची शाळा भरायची. तिथं शिकायचं ते एकच: मनापासून आवडेल त्या सारसाला हाक मारायची आणि तिकडून ओ आली की दोघांनी मिळून नाचायचं.

लव्हाळी नावाच्या सारसपोरीनं धीर करून हाक मारली ती शेवंतीला. सगळी पोरं खदाखदा हसली. "अगं, पोरीनं पोरीला हाक मारायची असते का?" शेवंतीला ओ द्यायची होती, पण तिनं घाबरून मान खाली घातली. त्या दिवसापासून लव्हाळी दिसली की पोरं तिची नक्कल करायची, चोची मारून तिला हुसकावायची. बिचारीनं हाक मारणंच सोडलं.

हे शाळेतल्या बाईंच्या कानावर गेलं आणि त्यांनी सगळ्यांसमोर पोरांना जाब विचारला.

"आम्ही गंमत करत होतो, बाई."

"गंमत? मग ती का नाही हसली?" बाई कडाडल्या. "पुन्हा कुणी चोच उगारली तर गाठ माझ्याशी आहे! लव्हाळी, मार हाक. कुणीच नाही दिली तर मी देईन ओ."

लव्हाळीनं पुन्हा शेवंतीलाच हाक मारली. बाईंनी चोच उघडली, पण त्यांच्याआधी शेवंतीचीच ओ आली.

बरीच वर्षं लोटली. बाईंची नजर अधू झाली. एका सकाळी दाट धुक्यात त्या तळ्यात वाट चुकल्या आणि त्यांनी बारीकशी हाक मारली. घरट्यात बसलेल्या लव्हाळीनं तो आवाज लगेच ओळखला. तिनं आणि शेवंतीनं एकदमच ओ दिली, आणि बाई काठाला लागेपर्यंत दोघी ओ देतच राहिल्या.