बिरड्यातलं मीठ

"काय कमी आहे तेवढं सांगा, मावशी!"

रेवदंड्याच्या मिल्कामावशींनी बिरड्याचा दुसरा घास घेतला.

"कमी काहीच नाही. लग्नात वाढावं असं झालंय."

"मग बाबा का खात नाहीत?"

मावशींनी तिसरा घास घेतला.

विचारणारी यफा चेऊलकर. ठाण्याहून आली होती. आपल्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू घरांतले पदार्थ आणि त्यांच्यामागच्या आठवणी असं तिचं पुस्तक छापायला निघालं होतं. बाई हुशार, आणि ते तिला पक्कं ठाऊक. चिकाचा हलवा, मलिदा, सगळं तिने जमवलं होतं. आईच्या बिरड्यापाशी मात्र घोडं अडलं होतं. आई गेल्यापासून वडिलांचं जेवण तुटलं होतं. लेकीने केलेलं बिरडं तोंडात घालायचे, "छान आहे, पण तिचं नाही" म्हणायचे आणि उठायचे. म्हातारा दिवसेंदिवस खंगत चालला होता. यफाच्या जिवाला तोच घोर लागला होता.

आईला बिरडं शिकवलं होतं ते याच मावशींनी.

"माझ्यासमोर कर बघू," मावशी म्हणाल्या.

यफाने सोललेले वाल फोडणीला टाकले. नारळाचं दूध घातलं. चाखलं. मीठ घातलं, पुन्हा चाखलं. गूळ घातला, परत चाखलं. जरा कोकम…

मावशींनी तिच्या हातातला चमचा काढून घेतला आणि सरळ आपल्या मांडीखाली दाबला.

"अहो, हे काय?"

"आई बिरडं कधी करायची?"

"बिरड्याच्या सणाला. आपल्या पूर्वजांचं मंदिर शत्रूने पाडलं, त्या दिवशी. हे पुस्तकात लिहिलंय मी. चांगली दोन पानं लिहिलीत."

"शाबास. त्या दिवशी ती काय खायची?"

"काही नाही. उपास असतो ना. सूर्य बुडेपर्यंत पाणीसुद्धा…"

यफाने चुलीकडे पाहिलं.

चुलीवर बिरडं रटरटत होतं.

"म्हणजे आई चाखायचीच नाही?"

"चाखेल कशी गो? उपास नाही का मोडणार?"

"मग मीठ?"

"कधी आळणी, कधी खारट. एका वर्षी तर घालायलाच विसरली. पण उपास सोडायला दोघं एकदमच पानावर बसायची."

यफाला हसू आलं आणि हसता हसता रडूही आलं. मावशींनी तिला रडू दिलं.

नाक पुसून ती म्हणाली, "मी चाखून चाखूनच पोट भरते, मावशी. बाबांना वाढते आणि समोर उभी राहते. काय म्हणतात ते बघत."

"जेवत नाहीस?"

"भूकच नसते."

मावशींनी चूल विझवली. बिरड्यावर झाकण ठेवलं.

"उद्या घरी कर. सकाळपासून काही खाऊ नकोस. त्यांच्याबरोबर पान मांडून घे."

"आणि चमचा?"

"तो राहील इथेच."

यफा उठली. उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिथूनच वळली. पुस्तकवाली बाई ती, राहवेना.

"पण मावशी, मिठाचा अंदाज चुकलाच तर?"

"तू उपाशी राहा. मीठ ते मागून घेतील."