शीळ ऐकून हसलेलं गाव

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की त्या गावाचं नाव आता कुणालाच आठवत नाही. त्याचं हसणं मात्र आठवतं.

गावाच्या वर डोंगर होता. तिथली माणसं मध काढायची, डिंक वेचायची आणि शीळ घालून एकमेकांशी बोलायची, कारण दरीपलीकडे हाक पोचत नाही. वणवा पेटला की ती लागोपाठ तीनदा शीळ घालायची. मग खालचं गाव गोठ्यातली गुरं सोडायचं आणि नदी गाठायचं. पिढ्यान्‌पिढ्या हे असंच चालत आलं होतं.

गावात कळसूत्री बाहुल्यांचा एक खेळवाला होता. तो डोंगराची वाट कधी चढला नव्हता. तरी त्याने डोंगरवाल्यांची बाहुली केली. फेंगडे पाय, पुढे आलेले दात. ती शीळ घालायची आणि कोंबडी चोरायची. लोक पोट धरधरून हसले.

मग बाजारात डोंगरवाले दिसले की पोरं शीळ घालू लागली, बाया कोंबड्या टोपलीखाली डालू लागल्या. डोंगरावरची एक मुलगी पाण्याला आली, तर तिला चोर म्हणून विहिरीवरून हुसकावलं. तिची आई तडक खेळवाल्याकडे गेली.

"दादा, आमच्यातलं कोण कोंबडी चोरताना बघितलंस तू?"

"कोणी नाही. अगं, गंमत ती. हसायचं नि सोडून द्यायचं."

"तू दिलंस सोडून. माझी लेक आता शीळ घालायला लाजते."

"लोकांना आवडतं, त्याला मी काय करू?"

या उत्तराची मला अजून चीड येते. लोकांना आवडतं म्हणे! दोऱ्या कुणाच्या बोटांत होत्या?

पुढे जत्रेच्या दिवशी, भर दुपारी, खेळ रंगात आला होता. तेवढ्यात डोंगरावरून तीनदा शीळ आली. घालणारी ती आईच होती.

"आले कोंबडीचोर," कुणीतरी म्हणालं, आणि हशा उसळला. बाया उठल्या, पण गुरं सोडायला नाही, कोंबड्या डालायला. पुन्हा तीनदा शीळ आली. या वेळी ती लाजरी मुलगी जीव तोडून घालत होती. खेळवाल्याने त्या तालावर बाहुली नाचवली.

मग धूर दिसला. माणसं कशीबशी नदीत शिरली. खुंट्याला बांधलेली गुरं तिथेच जळाली, आणि डालीखालच्या कोंबड्याही.

"शीळ ऐकली नाही का रे कुणी?" गावच्या म्हाताऱ्या पाटलाने विचारलं.

"ऐकली," खेळवाला म्हणाला. "आम्ही हसलो."

दुसऱ्या दिवशी तो डोंगर चढला. आईपुढे हात जोडून म्हणाला, "ती बाहुली मोडली मी. आता तुमची देवीसारखी बाहुली करतो."

"देवी नको करूस," ती म्हणाली. "माणसासारखं माणूस कर. आणि तिच्या तोंडी काय घालायचं ते आधी आम्हाला विचार."

त्याने तसं केलं. गावाने गोठेही पुन्हा बांधले. पण त्या मुलीने गावासाठी पुन्हा कधी शीळ घातली नाही, आणि घाल म्हणायला कुणाला तोंड नव्हतं.

तात्पर्य: ज्यांना आपण फक्त हसण्यासाठी दाखवतो, त्यांचं खरं बोलणंही एक दिवस आपल्याला ऐकू येईनासं होतं.