सतराचा पाढा आणि पळालेला विद्यार्थी

एका डोंगरातल्या गावात एक भोळा गुरुजी होता. गावाचं नाव करवंदेवाडी, गुरुजीचं नाव भागोजी ढेबे. भोळा म्हणजे किती भोळा? कुणी म्हटलं, "गुरुजी, जरा थांबा," तर कुणीतरी "आता जा" म्हणेपर्यंत तो तिथंच उभा. एकदा असाच दुपारभर उभा होता. शेवटी म्हशीनं ढकलला तेव्हा हलला.

शाळा दोन खोल्यांची. एका खोलीत भागोजी गुरुजी, दुसऱ्या खोलीत मोठ्या बाई, म्हणजे वत्सलाबाई. बाईंचा सगळा जन्म या शाळेत गेला होता. वाडीतल्या आयांनाही त्यांनीच शिकवलं आणि आता त्यांच्या पोरांना शिकवत होत्या. पण त्या वर्षी बाईंच्या जिवाला घोर लागला होता. शाळेत वीस पोरं हवीत, असं वरून आलं होतं. शाळेत होती एकोणीस. एक पोर कमी पडलं तर शाळेला कुलूप, आणि एवढ्याएवढ्याशा पोरांनी ओढा ओलांडून तीन मैल पलीकडच्या गावात जायचं. बाईंना रात्र-रात्र झोप येत नव्हती.

"गुरुजी, पोरांना नीट शिकवा हं," बाई म्हणाल्या. "साहेब तपासणीला येणार आहेत. पोरं हुशार दिसली तर एखाद्या वेळेस दया येईल त्यांना."

"बरं बाई," गुरुजी म्हणाला आणि शिकवायला लागला.

पहिल्या दिवशी धडा होता भोपळ्याचा. गुरुजीनं पुस्तक उघडलं आणि वाचून दाखवलं. भोपळा गोल असतो. भोपळा मोठा असतो. अर्धी पोरं झोपली. उरलेली झोपलेल्यांच्या कानात काड्या घालत बसली.

"अहो गुरुजी," बाई म्हणाल्या, "नुसतं वाचून पोरांच्या डोक्यात काही शिरतं का? जी गोष्ट शिकवायची ती आणावी आणि पोरांच्या हातात द्यावी. पोरांनी ती उलटीपालटी करून बघावी."

"बरं बाई. आता पक्कं ध्यानात आलं."

दुसऱ्या दिवशी धडा होता मधमाशीचा.

गुरुजी पहाटे रानात गेला. पोत्यात घालून अख्खं पोळं आणलं, वर्गाच्या मधोमध ठेवलं आणि म्हणाला, "घ्या रे, हातात घ्या. उलटंपालटं करून बघा."

पोरांनी बघितलं. मग करवंदेवाडीनं पोरं बघितली. बबड्याचे दोन्ही डोळे मिटले होते, सुरकीचा ओठ कांद्याएवढा झाला होता आणि गुरुजीचं तोंड कुठल्या बाजूला आहे तेच कळत नव्हतं.

"अहो, कर्म माझं!" बाईंनी कपाळावर हात मारला. "असलं काही असेल तर पोरांना लांब उभं करावं. पार त्या वडाखाली. तिथून दाखवावं."

"बरं बाई. आता पक्कं ध्यानात आलं." सुजलेल्या तोंडातून ते "बलं बाई" असं आलं, पण ध्यानात मात्र आलं.

सूज उतरली. पुढचा पाठ होता 'ळ' काढायचा. गुरुजीनं सगळी पोरं वडाखाली नेऊन उभी केली. स्वतः वर्गात आला, दार ओढून घेतलं आणि फळ्यावर छान वळणदार 'ळ' काढला. मग खिडकीतून ओरडला, "दिसतोय का रे?"

"नाही गुरुजी!"

"मग काही भीती नाही!"

बाई धावत आल्या. "गुरुजी, 'ळ' काय चावतो का? अक्षर शिकवताना पोराला जवळ घ्यावं. त्याचा हात आपल्या हातात घट्ट धरावा आणि शेवटपर्यंत सोडू नये."

"बरं बाई. आता पक्कं ध्यानात आलं."

त्याच आठवड्यात शेजारच्या गावात शाळांच्या शर्यती होत्या. आपली सुरकी हरणासारखी पळायची. बक्षीस ठरलेलंच होतं. शिट्टी वाजली, सुरकी सुटली आणि गुरुजीही सुटला. त्यानं तिचा हात घट्ट धरला होता.

"गुरुजी, सोडा!"

"शेवटपर्यंत सोडायचा नाही!"

अर्ध्यात गुरुजीचं धोतर पायात अडकलं आणि तो आडवा झाला. हात मात्र सोडला नाही. पुढची अर्धी शर्यत सुरकीनं गुरुजीला ओढत नेलं. ती दोघं पोचली तेव्हा बाकीच्यांचं सरबत पिऊन झालं होतं आणि मांडववाले दोर सोडत होते.

"पोराचं पोराला करू द्यावं हो!" बाई रडकुंडीला आल्या. "आपण मधे मधे करू नये. बाजूला उभं राहावं. टाळ्या वाजवाव्या. शाबास म्हणावं. म्हणजे पोरांना हुरूप येतो."

"बरं बाई. आता पक्कं ध्यानात आलं."

दोन दिवसांनी लक्ष्यानं खिडकीच्या गजांत डोकं घातलं. डोकं गेलं बाहेर, पण आत येईना. लक्ष्यानं भोकाड पसरलं. गुरुजी शांतपणे बाजूला उभा राहिला आणि टाळ्या वाजवायला लागला.

"शाबास लक्ष्या! वा रे पठ्ठे!"

लक्ष्याला एवढी शाबासकी? बाकीच्या पोरांना राहवेना. ज्याला जो गज सापडला त्यानं त्यात डोकं घातलं. गुरुजीचे तळहात लाल झाले. बाहेरून जाणाऱ्या जनाआजीला शाळेच्या खिडक्यांतून डोकीच डोकी लोंबताना दिसली. तिनं रामराम घातला आणि ती वाट बदलून गेली. लोहाराला बोलावून गज वाकवावे लागले.

या वेळी बाई जोरात बोलल्या. "ज्याला जमत नाही त्याला टाळ्या काय वाजवता? त्याला मागं थांबवून घ्यावं. शाळा सुटली तरी सोडू नये. जमेपर्यंत समोर बसवावं. आणि दुसऱ्यांना उत्तर सांगू देऊ नये, त्याचं त्याला शोधू द्यावं."

"बरं बाई. आता पक्कं ध्यानात आलं."

दुसऱ्या दिवशी लक्ष्या लाजेनं शाळेत आला नाही. गुरुजी दारात बसून त्याची वाट बघायला लागला. बाई म्हणाल्या, "अहो, असं बसून पोर येतं का? जूनमध्ये नवी पोरं कशी आणली आपण? बैलगाडी सजवून, हलगी वाजवत, गुलाल उधळत. तसंच पळालेलं पोर वाजतगाजत आणावं. मग ते पुन्हा शाळा चुकवत नाही."

गुरुजीनं गाडी जुंपली, हलगी घेतली आणि लक्ष्याला मिरवत आणलं. लक्ष्या खूश. त्याची आई खूश. आयुष्यात पहिल्यांदा बाईंनी सांगितलेली गोष्ट गुरुजीनं बरोबर जागी केली होती. बाईंनी त्याला चहा पाजला, आणि इथंच घात झाला. कारण गुरुजीला वाटलं, आता आपल्याला शिकवणं जमलं.

शुक्रवारी दाभाडे साहेब जीपमधून आले. आल्याआल्या त्यांनी पोरांना प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"पृथ्वी कुणाभोवती फिरते?"

"सूर्याभोवती!"

"मधमाशीला पाय किती?"

"सहा!" पोरांनी ते फार जवळून मोजले होते.

"सतरा सक?"

"एकशे दोन!"

साहेबांनी मान डोलावली. "पोरं हुशार आहेत, बाई. पण नियम म्हणजे नियम. एक पोर कमी आहे. माझा नाइलाज आहे."

"साहेब, निदान पोहे तरी खाऊन जा," असं म्हणून बाई डोळे पुसत घराकडे गेल्या.

इकडे गुरुजी साहेबांकडे टक लावून बघत होता. त्याला फार वाईट वाटत होतं. एवढा मोठा माणूस, जीपमधून येतो आणि त्याला सतरा सक माहीत नाही! एवढ्याशा पोरांना विचारतो! आणि एवढं विचारून तसाच घरी निघालाय!

गुरुजीनं पोरांना बाहेर काढलं, साहेबांना आत ठेवलं आणि बाहेरून कडी घातली.

"अहो गुरुजी! कडी काढा!"

"आधी सतराचा पाढा म्हणा, साहेब."

"मूर्खासारखं काय बोलताय? पाढा मी विचारतो!"

"तेच तर," गुरुजी मायेनं म्हणाला. "ज्याला येतो तो कशाला विचारील?"

साहेबांनी दार बडवलं. ड्रायव्हरला हाका मारल्या, पण तो वडाखाली घोरत होता. शेवटी सुटका व्हावी म्हणून साहेब पाढा म्हणायला लागले. "सतरा एके सतरा... सतरा पंचे पंच्याऐंशी... सतरा सक... सतरा सक..."

खिडकीतून पोरं कुजबुजली, "एकशे..."

"गप रे!" गुरुजी ओरडला. "त्याचं त्याला शोधू दे!"

बाई पोहे घेऊन आल्या तेव्हा साहेब पहिलीच्या बाकावर बसून बोटं मोजत होते. बाईंनी कडी काढली. साहेब बाहेर आले ते लालबुंद होऊनच. "सोमवारी! सोमवारी बंद करतो ही शाळा!" आणि जीप धुरळा उडवत गेली.

बाई पायरीवर बसल्या आणि हुंदके देऊन रडल्या. त्यांना तसं रडताना बघून एकोणीस पोरंही रडायला लागली. गुरुजीला गलबलून आलं. बाईंवर त्याचा फार जीव होता.

"बाई, रडू नका," तो म्हणाला. "एक पोर कमी होतं ना? मिळालं होतं. पण पळालं. मी आणतो."

बाईंचं लक्ष कुठं होतं? "करा बाबा, काय करायचं ते करा," त्या म्हणाल्या.

सोमवारी तालुक्याच्या कचेरीत मोठ्या साहेबांची बैठक भरली होती. दाभाडे साहेब शाळा बंद करायचा कागद पुढे सरकवणार, एवढ्यात बाहेर हलगी कडाडली. सजवलेली बैलगाडी, पुढे लेझीम खेळणारी एकोणीस पोरं, वर गुलाल. आणि मागून पदर सावरत, धापा टाकत वत्सलाबाई.

मोठे साहेब बाहेर आले. "हा काय प्रकार आहे?"

"आमचा विद्यार्थी पळून इथं आलाय," गुरुजी म्हणाला. "पाढा अर्धाच झालाय त्याचा." आणि त्यानं दाभाडे साहेबांच्या गळ्यात हार घातला.

मोठ्या साहेबांनी गुरुजीला सगळं विचारून घेतलं. गुरुजीनं सगळं सांगितलं. खोटं बोलणं त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. मोठे साहेब पोट धरधरून हसले. मग म्हणाले, "दाभाडे, म्हणा पाहू सतराचा पाढा."

"सतरा एके सतरा... सतरा पंचे पंच्याऐंशी... सतरा सक..." दाभाडे साहेबांना घाम फुटला.

एकोणीस पोरांनी तोंडं दाबून धरली होती. एकानंही उत्तर सांगितलं नाही.

"वा! शिस्त आहे!" मोठे साहेब म्हणाले. त्यांनी बबड्याच्या पाठीवर थाप मारली आणि कौतुकानं विचारलं, "बाळ, तूच सांग. सतरा साते किती?"

गुरुजीनं मोठ्या साहेबांकडे बघितलं. त्याचे डोळे भरून आले.

"बाई," तो हळूच म्हणाला, "आणखी एक सापडलं!"

बाई "अहो गुरुजी" म्हणेपर्यंत दोन्ही साहेब हार घालून गाडीत होते. जागा कमी पडली म्हणून पोरं चालत आली.

करवंदेवाडीची शाळा काही बंद झाली नाही. होणार कशी? बंद करायच्या कागदावर ज्यांच्या सह्या हव्या होत्या, ते दोघं आता शाळेच्या पटावर होते, आणि पाढा झाल्याशिवाय गुरुजी त्यांना सोडत नव्हता.