अंगणातली म्हैस

“पण बाई, मला गट मिळणार तरी कधी?”

बाई फाटक्या बाहुलीत चिंध्या कोंबत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “कसला गट?”

“मुलांचा. माझा स्वतःचा. जूनपासून येतेय मी.”

आजऱ्याच्या बाजारपेठेमागे ‘अंगण’ नावाची बालवाडी आहे. तिथे पाटी-पेन्सिल नाही, बाकं नाहीत, घंटासुद्धा नाही. वाळू आहे, पाण्याची टाकी आहे, ढीगभर करवंट्या आहेत, आणि सकाळभर खेळणारी मुलं आहेत. ती चालवतात इंगवले बाई. केतकी त्यांच्याकडे शिकाऊ ताई म्हणून आली होती. बालशिक्षणाच्या पदविकेला ती विद्यापीठात पहिली आली होती, आणि ही गोष्ट ती कुणाला फार वेळ विसरू देत नसे.

बाईंनी सुईत दोरा ओवला.

“आजवर तू काय काय झालीस गं?”

“म्हणजे?”

“खेळात. काय झालीस?”

“मी... ताई आहे ना.”

“ते झालंच. पण दुसऱ्या गटाची नफिसाताई गेला आठवडाभर म्हातारी होती, काठी टेकत फिरत होती. मी परवा एस.टी. होते. तू काय झालीस?”



अंगणात एकच नियम होता, आणि तो मोठ्यांसाठी होता. मुलांच्या खेळात आपण होऊन शिरायचं नाही. मुलांनी बोलावलं तर जायचं, आणि ती देतील ते व्हायचं.

“मला त्यांनी कधी बोलावलंच नाही,” केतकी म्हणाली.

“मग मी कोण तुला बोलावणार?”

असा राग आला केतकीला... पण गुरूवर चिडायची सोय नसते. तिने तो गिळला आणि वाळूकडे गेली.

वाळूत ईश्वरी आणि समर्थ चिखलाची भजी तळत होते. ईश्वरी चार वर्षांची, घरी तीन म्हशी, त्यामुळे आवाजात अधिकार. समर्थ तिच्यापेक्षा थोडा मोठा, पण तिच्या शब्दाबाहेर नाही.

केतकी त्यांच्याजवळ उकिडवी बसली. “अरे वा. किती भजी आहेत बरं? मोजूया?”

मुलं गुणी होती. त्यांनी भजी मोजली. बरोबर मोजली. मग हात चड्डीला पुसले आणि झोपाळ्याकडे निघून गेली.

केतकी परत आली. तिचा चेहरा फुलला होता. “बघितलंत ना बाई? मोजली त्यांनी. एकसुद्धा चुकलं नाही.”

“मोजली खरी,” बाई म्हणाल्या. “पण भजी करपली.”

केतकीने वळून पाहिलं. वाळूत चिखलाचे गोळे तसेच पडले होते. त्यांच्याकडे बघायलाही कुणी उरलं नव्हतं.

त्यानंतर बरेच दिवस ती गटाबद्दल बोलली नाही.

दिवाळी झाली. नवी मुलं येणार होती. बाई म्हणाल्या, “शनिवारी त्यांचे आईवडील यायचेत. पोरांची ताई कोण, ते त्यांना दाखवायचं आहे.”

“मीच ना बाई?” केतकीचा आवाज एकदम बारीक झाला. पहिली आलेली पोरगी अशी बोलते तेव्हा समजावं, की तिला ते खरंच हवं आहे.

“बघू की,” बाई म्हणाल्या.

त्या ‘बघू’ने तिची झोप उडवली. हा गट मिळाला नाही, तर इथे थांबण्यात अर्थ नाही, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. कोल्हापूरच्या एका शाळेतून तिला बोलावणं आलेलंच होतं. पण होकार तिने अजून कळवला नव्हता. मुलं तिला आवडत होती. ती मुलांना आवडत होती का, हे मात्र तिला कळत नव्हतं.

शनिवारी ती आकाशी रंगाची इस्त्रीची साडी नेसून आली. भिंतीवर तक्ते लावले. ‘खेळातून शिक्षण’ यावर छोटंसं भाषण तोंडपाठ केलं. शेवटचा तक्ता लावताना तिचा पदर कुणीतरी ओढला.

ईश्वरी होती. हातात उड्या मारायची दोरी.

“तू म्हस हो.”

“आत्ता नाही गं राणी. आत्ता पाहुणे यायचेत.”

“आमाला म्हस पायजे. नफिसाताई पळतीया. तू गप ऱ्हातीस.”

केतकीने बाईंकडे पाहिलं. बाई पायरीवर बसून शेंगा सोलत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. एक दाणा तोंडात टाकला.

केतकीने साडीकडे पाहिलं... अंगणाकडे पाहिलं... आणि शेवग्याखाली जाऊन गुडघे आणि हात टेकले.

समर्थने दोरी तिच्या कमरेभोवती सैल गुंडाळून दुसरं टोक शेवग्याला बांधलं. गाठ घट्ट आहे ना, ते दोनदा ओढून बघितलं.

“म्हशीला किती पाय असतात, सांग बरं?” म्हैस म्हणाली. जित्याची खोड.

ईश्वरीने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की विद्यापीठाच्या परीक्षकांनीही तिच्याकडे कधी तसं बघितलं नसेल.

“म्हस बोलत नसती.”

म्हैस गप्प झाली.

मग बराच वेळ काही शिकवलं गेलं नाही. पुढ्यात शेवग्याचा पाला आला. म्हशीने तो हुंगला. ईश्वरीने करवंटी घेतली, बाजूला उकिडवी बसली आणि पोटाखालच्या हवेत हात घालून ओढू लागली. ओढलं, थांबली, पुन्हा ओढलं. मग समर्थकडे वळून गंभीरपणे म्हणाली, “पान्हा चोरतीया. दूध सोडंना.”

“नवी हाय, बुजली आसंल,” समर्थ म्हणाला. तो घमेल्यात वाळू आणि पाणी कालवून म्हशीचं आंबोण घेऊन आला. ते पुढ्यात ठेवलं. तिच्या पाठीवरून चिखलाचा हात फिरवत म्हणाला, “खा गं चंद्रे. खा. कोण मारत न्हाई तुला.”

आकाशी साडीवर पाच बोटं उमटली.

केतकी खाली वाकून आंबोण बघत राहिली. मग तिने एक हात जमिनीवरून उचलला, पोटाखाली नेला, आणि चार बोटं खाली सोडली.

ईश्वरीने ती बोटं बघितली. दोन्ही हातांत बोटं धरली आणि धार काढायला लागली.

“चुर्र... चुर्र... चुर्र...”

पायरीवर शेंगा सोलणारे हात थांबले.

तेवढ्यात फाटक वाजलं. पालक आले होते. ठेवणीतले कपडे, कडेवर पोरं, एका वडिलांच्या हातात हेल्मेट. केतकीने मान वळवून बघितलं आणि तिला सगळं एकदम आठवलं. तक्ते. भाषण. गट. हीच ती वेळ. उठावं, साडी झटकावी आणि हसून नमस्कार करावा. तिचा गुडघा उचललाही गेला.

“हलू नगं,” ईश्वरी दबक्या आवाजात म्हणाली. “दूध सांडंल.”

केतकीने करवंटीत पाहिलं. काठोकाठ भरली होती.

तिने गुडघा हळूच पुन्हा टेकला.

तिला फार आनंद झाला. इतका, की डोळ्यांत पाणी आलं. कसला आनंद, ते तिला त्या क्षणी विचारण्यात अर्थ नव्हता, कारण म्हस बोलत नसती. मानेवर माशी बसली तेव्हा तिने हात नाही उचलला. मान झाडली, कान हलवायचा प्रयत्न केला, आणि लांबलचक रेकली.

फाटकापाशी एक आई दचकली. तिच्या कडेवरचं पोरगं मात्र सरसर खाली उतरलं. घरून निघाल्यापासून रडत होतं म्हणे. ते तडक शेवग्याखाली आलं आणि ओंजळ पुढे करून उभं राहिलं.

“रांग लाव,” ईश्वरीने त्याला सांगितलं. ते समर्थच्या मागे उभं राहिलं.

हेल्मेटवाल्या वडिलांनी भिंतीवरचे तक्ते बघितले. इकडे तिकडे बघितलं. बोलावं की नको अशा चेहऱ्याने बाईंपाशी आले.

“नमस्कार बाई. आमच्या पोरास्नी शिकवणार त्या ताई कुठं हायत? भेटायचं हुतं जरा.”

बाई उठल्या. पदरातली टरफलं झटकली. बराच वेळ शेवग्याकडे बघत राहिल्या...

मग त्यांनी तिकडे बोट केलं.

“त्या काय तिथं. पण जरा दम धरा... धार निघू दे.”