गोजराबाईची ओटी

पळसदरे गावात त्या वर्षी चैत्रात हरबाजी महाराजांचा मुक्काम आसरांच्या विहिरीपाशी होता. ही विहीर म्हणजे बाळंतिणींचं माहेर. दूध आटलं की बाईनं पायऱ्या उतरायच्या, कोनाड्यातल्या शेंदूर लावलेल्या सात दगडांची, म्हणजे साती आसरांची, खणानारळानं ओटी भरायची आणि ओंजळभर पाणी प्यायचं. पान्हा फुटलाच म्हणून समजा. रीत एकच, ओटी सवाष्णीनंच भरायची. विधवा पायरी उतरली तर पाणी आटेल, असं लोक म्हणत. लोकांचं काय, बोलायला काय लागतं?

गोजराबाई विधवा, महाराजांच्या कीर्तनाला रोज मागे कोपऱ्यात बसणारी. तिची लेक बाळंतपणात गेली आणि नऊ दिवसांची नात मागे राहिली. शेळीचं दूध तिला पचेना, गावात दुसरी ओली बाळंतीण नव्हती. पोरीचं रडणंसुद्धा बारीक झालं, तेव्हा गोजराबाई तिला पोटाशी धरून, खण-नारळ घेऊन विहिरीवर आली.

वाट अडवली ती देशमुखांच्या म्हाळसाबाईंनी. दर वर्षीची पहिली ओटी त्यांची, त्याचा ताठा केवढा!

"काय गं गोजरे, या वयात तुला पान्हा फुटायचा? मग उद्या आमच्या बैलाखालीही चरवी लावते. हो मागं, विहीर बाटवशील."

गोजराबाई मान खाली घालून वळली. तिलाही ते खरंच वाटत होतं. काठावर महाराज बसले होते. "महाराज, माझ्यापायी गावाचं पाणी जायला नको," ती म्हणाली, "पण हिला आता काय पाजू?"

बाळाचे सुकलेले ओठ पाहून महाराजांचे डोळे भरून आले. ते उठले आणि म्हणाले, "म्हाळसाबाई, या सातीजणींचे नवरे कोण, सांगता?"

आसरांना नवरे नाहीत, हे गावात सगळ्यांना ठाऊक.

"त्यांच्या कपाळी कुणाच्या नावाचं कुंकू नाही, तरी तुम्ही त्यांच्यापुढे पदर पसरता. मग हिनंच काय घोडं मारलंय? जा माय, उतर खाली. पाणी आटलं तर मला विचारा."

गोजराबाईनं ओटी भरली, ओंजळभर पाणी प्यायलं, तिथेच पायरीवर बसून नातीला पदराखाली घेतलं. काय सांगू भाविकहो! पन्नाशीच्या त्या माउलीला पान्हा फुटला. पोर चुटूचुटू पिऊ लागली. आणि विहिरीचं पाणी? ते एक पायरी वर चढलं होतं.

म्हाळसाबाई रडत महाराजांच्या पायांवर वाकल्या. महाराज मागे सरले. म्हणाले, "इथे नको. तिथे."

म्हाळसाबाई पायऱ्या उतरल्या. खुद्द देशमुखीण समोर आलेली पाहून गोजराबाई गडबडून उठू लागली. म्हाळसाबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"उठू नका आई, पोरीचं तोंड सुटेल," असं म्हणून त्यांनी गोजराबाईच्या पावलांवर डोकं ठेवलं.