चिमा गवंडणीची भिंत

माळावर माणसाचा नांगर यायच्या आधी तिथे वाळवीची दोन वारुळं होती. पूर्वेच्या वारुळात चिमा नावाची गवंडीण राहायची. तिने थुंकीत मळून लिंपलेली माती मुसळधार पावसातही सुटायची नाही.

एका वर्षी पलीकडच्या रानात वणवा लागला. तिथल्या उपाशी वाळव्या वारुळाच्या भोकांतून आत घुसू लागल्या.

"सगळी भोकं बुजवा. आपल्यालाच पुरत नाही," चिमा म्हणाली.

"एक दार ठेवू, तिथे पहारा बसवू. ही भोकं वारुळाचं नाक आहेत गं," म्हातारी भागा म्हणाली.

सगळ्यांना चिमाचं पटलं. भोकं बुजवून वारुळाभोवती तिची भिंत अशी झकास उठली, की पश्चिमेच्या वारुळानेही तिच्याकडून तशीच बांधून घेतली. त्यांनी फक्त हवेपुरती बारीक फट ठेवायला लावली.

आठ दिवसांत पूर्वेच्या वारुळात हवा कोंडली. खाण्यासाठी वाढवलेली बुरशी सडली, पिल्लं माना टाकू लागली. सगळ्यांनी मिळून दिवसभर कुरतडलं, तेव्हा कुठे एक भोक पडलं, पण आत खायला काहीच उरलं नव्हतं. पिल्लांना पाठीवर घेऊन चिमा धापा टाकत पश्चिमेला पोचली.

"आम्हाला आत घ्या रे," ती फटीशी तोंड नेऊन म्हणाली.



"घेतलं असतं, चिमाआत्या," आतून पहारेकरी म्हणाला. "पण दार कुठे आहे? तुम्ही ठेवलंच नाहीत."

 चिमाने भिंतीला जबडा लावला. मातीचा कणही सुटला नाही.