दोन मिनिटं चालू राहू द्या

कोल्हापुरात सयाजीरावांचं गॅरेज मोठं, तोरा त्याहून मोठा. नवी टर्बो गाडी घाटातून पिटाळत आणून त्यांनी दारात उभी केली आणि उतरता उतरताच म्हाताऱ्या मिस्त्रीला, रऊफचाचांना सांगितलं, “वय झालं तुमचं. उद्यापासून येऊ नका.”

चाचांनी खिडकीतून हात घालून चालू इंजिनाची चावी धरली.

“अहो, बंद करू नका!” मालक ओरडले. “एवढी पळून आलीय. दोन मिनिटं नुसती चालू राहू द्या, नाहीतर टर्बो जळेल.”

“मीही चौतीस वर्षं पळालोय, मालक,” चाचा म्हणाले. “मला मात्र एका झटक्यात बंद करताय.”

चार सिलिंडरचं इंजिन संथ गुरगुरत राहिलं. मालकांनी चाचांचा हात चावीवरून हळूच सोडवून आपल्या हातात घेतला.

“उद्या उशिरा या. नुसतं बसून इंजिनं ऐका.”